दया साधनांतली आणि हेतूंतली

ज्या जिवाला माणूस जवळून जाणतो त्याच्याविषयी त्याच्या मनात करुणा उपजते, अशी आपली समजूत असते. अमेरिकन निसर्गशास्त्रज्ञ व्हर्नन बेली यांचे चरित्र वाचताना ही समजूत तपासून पाहावी असे आम्हांस वाटले.

बेली यांचा जन्म १८६४ सालचा. मिनेसोटातील शेतावर वाढलेल्या या तरुणाने पाठविलेले प्राण्यांचे नमुने पाहून सी. हार्ट मेरियम यांनी १८८७ साली त्यांना सरकारी कामावर घेतले. पुढे ते जीवसर्वेक्षण खात्याचे मुख्य क्षेत्र-निसर्गतज्ज्ञ झाले. टेक्सास, न्यू मेक्सिको, ऑरेगन येथील सस्तन प्राण्यांवरील त्यांचे ग्रंथ प्रमाण मानले गेले.

याच बेलींनी १९०७ साली लांडग्यांवर एक सरकारी पुस्तिका लिहिली. पिले केव्हा होतात, बिळे कोठे असतात, हे वर्षानुवर्षांच्या निरीक्षणातून मिळालेले ज्ञान तीत आहे. पण ते सांगितले आहे लांडगे मारण्यासाठी. १९१५ पासून सरकारने पगारी शिकारी नेमले आणि १९२६ साली यलोस्टोनमधील अखेरचे लांडगे मारले गेले.

बेली निर्दय होते काय? मुळीच नाही. पोलादी सापळ्यांतील यातना त्यांना साहवत नसत. जनावराला इजा न होता ते पकडले जावे, यासाठी त्यांनी स्वतः नवे सापळे घडविले. पशुपालकांचे नुकसानही खरेच होते. गवे आणि हरणे माणसाने संपविल्यावर लांडगा गुरांकडे वळला होता.

म्हणून त्यांना दोषी ठरवून मोकळे होणे आम्हांस सोपे पण अपुरे वाटते. 'कसे मारावे' या प्रश्नापाशी त्यांची दया जागी होती. 'का मारावे' हा प्रश्न मात्र खात्याने आधीच सोडविलेला होता. दिलेले काम सचोटीने, शक्य तितक्या कमी क्रौर्याने करणारी सज्जन माणसे प्रत्येक कचेरीत असतात. त्या सज्जनपणाच्या समाधानातच मूळ प्रश्न विचारण्याची गरज विरून जाते. जो अधिक जाणतो, त्याच्यावर तो प्रश्न विचारण्याचे दायित्वही अधिक असते, असे आमचे मत आहे.

१९२९ साली मेक्सिकन लांडग्याच्या उपजातीला बेलींचेच नाव देण्यात आले. पुढे ती नामशेष होण्याच्या काठावर पोहोचली. बंदिवासात वाढविलेले तिचे मोजके वंशज १९९८ साली ॲरिझोनाच्या रानात सोडावे लागले. ज्ञान तेच होते. हेतू तेवढा बदलला होता.