आयत्या वेळचे विषय

कार्यकारिणीनं उमेदवाराला पाठिंबा जाहीर केला आणि तुमचं पित्त खवळलं. "आम्हाला न विचारता युनियन विकली!" असं? मग ही इतिवृत्ताची वही उघडा. गेल्या सर्वसाधारण सभेचं शेवटचं पान. 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय.' निवडणुकीत योग्य ती भूमिका घेण्याचे सर्वाधिकार कार्यकारिणीला. सर्वानुमते मंजूर. अनुमोदक कोण? तुमच्याच खात्यातले गृहस्थ. आत्ता सगळ्यात मोठ्यानं ओरडताहेत ते हेच.

तोंडं का पडली? हजेरीच्या सह्या पानभर, खुर्च्यांवर माणसं मूठभर. सही ठोकली, वडा उचलला, सुटले. जे थांबले ते 'मंजूर, मंजूर' म्हणत मोबाइल बघत बसले. आपण काय मंजूर केलं हे पाठिंब्याचं पत्रक गेटवर लागल्यावर कळलं. ह्याला फसवणूक म्हणायचं? तुमच्या अंगठ्यासकट?

"नेते ऐकत नाहीत हो!" तुम्ही बोललात कधी? टपरीवर बोललात. लोकलमध्ये बोललात. बायकोला ऐकवलंत. माइक पुढे आला की मात्र घसा बसतो. उद्या हाच सरचिटणीस समोर आला की 'काय साहेब, बरं चाललंय ना' म्हणून हात जोडाल. तुम्हाला कळत नाही असं असतं तर मी हा घसा फोडला नसता. पगारपत्रकातला पन्नास रुपयांचा घोळ तुम्ही नजरेनं पकडता. ओव्हरटाइमचा हिशोब तोंडी करता. मग युनियनचाच हिशोब वाचायचा म्हटला की डोळ्यांवर झापड कशी येते?

१९२६च्या ट्रेड युनियन कायद्याचं १६वं कलम. राजकीय कामासाठी खर्च करायचा तर निधी वेगळा हवा, त्याची वर्गणीही वेगळी. त्यात पैसे टाकायची सक्ती कुणावर नाही, आणि टाकले नाहीत म्हणून सभासदाचे लाभ कापता येत नाहीत. २०व्या कलमानं हिशेबाच्या वह्या बघायचा अधिकार साध्या सभासदालाही दिला होता. तो कायदा जाऊन औद्योगिक संबंध संहिता आली, तरी वेगळ्या निधीची तरतूद तिच्यातही आहे. आता सांगा, प्रचाराच्या गाड्या फिरल्या त्या कुठल्या पैशावर? खजिनदाराला विचारलंत? नाही. पण 'पैसे खाल्ले' हे मात्र सगळ्यांना पक्कं ठाऊक आहे.

आणि ते दुसरं पालुपद बंद करा. "युनियननं राजकारणात पडूच नये." वा! १८ जानेवारी १९८२ला मुंबईतले अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. गिरणगाव संपाचे नेते डॉ. दत्ता सामंतांच्या मागे उभं होतं. पण कायद्यानं वाटाघाटीचा हक्क कुणाचा? राष्ट्रीय मिल मजदूर संघाचा. कामगाराचं मन एकीकडे, मान्यता दुसरीकडे. ही मान्यता आली १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यातून. तो काय गिरणीच्या खात्यात विणला होता? विधिमंडळातच झाला ना! राजकारण तुमच्या ताटात रोज वाढलेलं असतं आणि तुम्ही उपासाच्या गप्पा मारता. खरं बोला. राजकारण नको असं नाही, ह्या पक्षाचं नको. मग तसं म्हणा की! त्यात लाज कसली?

युनियन एकाची आणि मत दुसऱ्याला, हे तुमच्या आधीही झालंय. १९७०ला परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई ह्यांचा खून झाला. पोटनिवडणुकीला त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या राहिल्या. लाल बावट्याचा बालेकिल्ला, आणि निवडून कोण आलं? वामनराव महाडिक, शिवसेनेचे पहिले आमदार. बोनससाठी लाल बावटा आणि मतासाठी भगवा, असे कामगार गिरणगावात घरोघर होते. मत तुमचं, ते कुणाला द्यायचं हा तुमचा मामला. पण मतपेटीतून नेत्याला निकाल कळतो, कारण कळत नाही. कारण सभेत उभं राहून सांगावं लागतं. ते तुम्हाला जड जातं. म्हणून वर मान हलवायची आणि खाली पाय ओढायचे. ह्याला मुत्सद्दीपणा समजता? माझ्या भाषेत ह्याला भित्रेपणा म्हणतात.

अमेरिकेत टीमस्टर्स म्हणून ट्रकवाल्यांची, गोदामवाल्यांची जंगी युनियन आहे. तेरा लाख सभासद. २०२४ला त्यांनी सभासदांची चाचणी घेतली. ५९.६ टक्के ट्रम्पकडे, ३४ टक्के हॅरिसकडे. आकडे छापून टाकले. १८ सप्टेंबरला सांगितलं, राष्ट्राध्यक्षपदासाठी आमचा पाठिंबा कुणालाच नाही. कित्येक स्थानिक शाखांना हे मानवलं नाही, त्यांनी आपापला पाठिंबा हॅरिसना जाहीर केला. चव्हाट्यावर भांडले. नेतृत्वावर नाही नाही ते आरोपही झाले, तो भाग वेगळा. पण कोण किती पाण्यात आहे हे सगळ्यांना दिसलं. तुमच्या युनियनमध्ये किती जण ह्या पाठिंब्याविरुद्ध आहेत? बोला ना. 'सगळेच' हा आकडा नसतो.

नेत्यांना मी सोडलेलं नाही. आयत्या वेळच्या विषयात एवढा मोठा ठराव घुसडणं ही चलाखीच आहे, आणि ते त्यांना तोंडावर ऐकवून झालंय. पण चलाखी चालली कुणाच्या जिवावर?

युनियनची घटना त्या कपाटात आहे. वरचा कप्पा, धूळ झटका. विशेष सभा मागायला किती सह्या लागतात ते तिच्यात लिहिलंय. विषय एकच ठेवा: पाठिंब्याचा फेरविचार, तोही सभासदांच्या गुप्त मतदानानं. ठरावात हरलात तर हरलात, निदान हरल्याची नोंद वहीत राहील. कागद हा घ्या, पेन हे घ्या. पहिली सही कोण करतंय? की इथेही प्रत्येकाला दुसऱ्याच्या खालीच सही करायची आहे?