परदेशस्थ धनी आणि येथला कायदा

ज्या देशात आपण राहत नाही तेथील माणसांकडून काम करून घेणाऱ्याने तेथला कायदा किती जाणावा, हा प्रश्न वकिलाने सोडवावयाचा अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु वकील सांगतो तो दंड टाळण्याचा मार्ग. धन्याचे कर्तव्य त्याहून निराळे असू शकते. लोणावळ्यात वा तळेगावात घरबसल्या जर्मनीतील माणसांच्या कामावर देखरेख करणारे तरुण आज आढळतात, तेव्हा हा विचार मध्यमवर्गीय कुटुंबांसही परका राहिलेला नाही.

मावळास तर तो मुळीच नवा नव्हे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनी १८४९ साली ब्रिटिश पार्लमेंटच्या कायद्याने अस्तित्वात आली. तिचे संचालक लंडनमध्ये बसत. बोरघाटातील काम १८५६ मध्ये सुरू होऊन १८६३ मध्ये घाटातून गाडी धावू लागली. १८६१ च्या सुमारास तेथे चाळीस हजारांवर माणसे राबत होती. संचालकांखाली मक्तेदार, त्याच्याखाली पोटमक्तेदार, मग मुकादम आणि सर्वांच्या खाली सुरुंग लावणारा, दगड वाहणारा मजूर. भागधारकांस शेकडा पाच टक्के व्याजाची हमी होती. मजुराच्या मजुरीस कोणाचीच नव्हती. १८५९ च्या जानेवारीत मजुरीच्या तक्रारींवरून घाटात दंगल उसळली. त्याच वर्षी मक्तेदार फेव्हिएल याने काम सोडले; त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल लवकरच मरण पावला आणि त्याची विधवा अ‍ॅलिस हिने मक्ता पुढे चालविला. या बाईचे कौतुक पुष्कळ होते, व ते यथार्थ आहे. दंगलीनंतरच्या कायद्याची आठवण मात्र फारशी कोणी काढीत नाही.

तो १८६० चा नववा कायदा. रेल्वे, कालवे इत्यादी सार्वजनिक कामांवरील मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटने तेथल्या तेथे निकालात काढावे, अशी सोय त्याने झाली. एरवी घाटातल्या झोपडीतून उठून मजुराने दिवाणी दावा लावावयाचा, आणि दाव्याची तारीख येईपर्यंत टोळी आपल्या गावी परतलेली असावयाची! परंतु काम टाकून जाणाऱ्या मजुरास शिक्षाही त्याच कायद्यात होती. शिवाय १८५९ चा तेरावा कायदा होताच. आधी मुंबई, मद्रास व कलकत्ता या शहरांपुरता असलेला हा कायदा पुढे इतरत्र लागू झाला. उचल घेऊन काम न करणाऱ्यास त्याअन्वये तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शके. इंग्लंडात नुसत्या करारभंगाबद्दल कामगारास तुरुंगात धाडण्याची रीत १८७५ मध्ये सामान्यतः बंद झाली. येथील कायदा रद्द करण्यास १९२५ साल उजाडले. मधली पन्नास वर्षे लंडनमधील एखादा धनी स्वदेशी जे करू शकत नव्हता ते येथे करू शकत होता, आणि दोहोंपैकी एकही कायदा मोडीत नव्हता.

‘जसा देश तसा वेश’ ही म्हण त्याच्या बाजूने पुढे केली जाईल. पण ती पाहुण्यास सांगितलेली आहे, धन्यास नव्हे. सणांच्या सुट्या, नोटिशीची मुदत, रजेचे नियम यांत तो कामगाराच्या देशाचा वेश खुशाल घेवो. किंबहुना घेतलाच पाहिजे, कारण कामगाराचे घरभाडे, मुलांच्या शाळा, कर्जाचे हप्ते त्याच हिशेबाने बसविलेले असतात. मात्र जी गोष्ट आपल्या शेजाऱ्याच्या बाबतीत करावयास आपण लाजू, ती दूरच्या माणसाच्या बाबतीत केवळ तेथला कायदा मुभा देतो म्हणून करणे, यास कायदापालन म्हणणे मला जड जाते. अशा ठिकाणी दोहोंतील कडक नियम आपणावर लावून घ्यावा. याने खर्च वाढतो, आणि धंदा बुडाला तर कामगारही बुडतो, हा आक्षेप खोटा नाही. त्यास माझ्यापाशी फुकटचे उत्तर नाही.

उलट प्रसंगही येतो. जनरल मोटर्सने तळेगावातील उत्पादन २०२० च्या अखेरीस थांबविले आणि कामगारांचा वाद न्यायालयात गेला. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत, करार आड येत नसेल तर, धन्यास मर्जीनुसार नोकरी संपविता येते. येथे त्या वेळी १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे मोठा कारखाना बंद करण्यास सरकारची पूर्वपरवानगी लागे. त्या वादाचा निवाडा करण्याचा येथे हेतू नाही. परंतु असल्या बंधनाने परदेशी व्यवस्थापकास जो वैताग येतो, तोच आमच्या तरुणासही येतो. जर्मनीत दहांहून अधिक कामगारांच्या आस्थापनेत सहा महिने भरलेल्या माणसास सबळ कारणावाचून काढता येत नाही, हे कळताच ‘इतके लाड कशाला?’ असे तोही म्हणतो. हा कायदा त्याने उघडलेला असतो तो माणूस काढावयाची वेळ आल्यावर.

आता परदेशी नेमणुका करून देणाऱ्या मध्यस्थ कंपन्या निघाल्या आहेत; कागदोपत्री धनी त्या, काम सांगणारा दुसराच. सोय मोठी आहे. पगार थकला तर त्या माणसाने कोणाचे दार ठोठवावयाचे, हे करारात कोठे लिहिले आहे एवढे सहीपूर्वी दोघांनीही पाहून घ्यावे. घाटात हे सांगणारे मुकादमाशिवाय दुसरे कोणी नव्हते.