कडी कोणी काढली?

घरात चोर शिरला की सारी आळी चोराच्या नावाने खडे फोडते. आतून कडी कोणी काढली, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. कारण त्याचे उत्तर घरातल्याच कोणापाशी तरी येऊन थांबते.

हिटलरची गोष्ट आपण अशीच सांगतो. एका राक्षसाने जर्मनीची लोकशाही गिळली, एवढे म्हटले की आपण सुटलो! पण आकडे निराळे बोलतात. १९२८ साली त्याच्या पक्षाला तीन टक्केही मते नव्हती. पुढे मंदी आली, लाखोंचा रोजगार गेला आणि जुलै १९३२ मध्ये ती सदतीस टक्क्यांवर चढली. तरी बहुमत नव्हतेच. नोव्हेंबरात तर ती तेहतिसांवर उतरली.

ओहोटी लागली असताना ३० जानेवारी १९३३ रोजी राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी त्याला चॅन्सेलर नेमले. त्यांचे मन वळवले ते माजी चॅन्सेलर पापेन यांनी. मंत्रिमंडळात हिटलर धरून नाझी अवघे तीन. काट्याने काटा काढू, मग तोही फेकून देऊ, असा या शहाण्यांचा हिशेब.

२७ फेब्रुवारीला संसदभवन पेटले. दुसऱ्याच दिवशी एका हुकमाने नागरिकांचे हक्क स्थगित झाले. प्रथम कम्युनिस्टांची धरपकड झाली, तेव्हा कित्येकांनी समाधानच मानले. २३ मार्चला संसदेने कायदे करण्याचा अधिकार सरकारच्या हाती दिला. बाजूने ४४४ मते, विरुद्ध ९४. विरोधात बोलायला उठले एकटे ओटो वेल्स. ती ९४ मते त्यांच्याच सोशल डेमोक्रॅट पक्षाची.

ते ४४४ जण सगळेच नाझी नव्हते. कोणाला आपल्या धर्मसंस्थेची काळजी, कोणाला पक्षाची, कोणाला जिवाची. गणवेशातले दांडगे सभागृहात उभे असताना मी तिथे असतो तर काय केले असते? छातीवर हात ठेवून सांगायला मी धजत नाही.

पण जानेवारीत पापेनच्या डोक्यावर कोणी दांडका धरला नव्हता. तिथे भीती नव्हती, सोय होती. मार्चमध्ये ज्याला प्राणांचे मोल पडले असते, ते काम जानेवारीत एका साध्या नकाराने भागले असते.

दिवाळीत आपली दारे उघडी असतात, ती असावीतच. मात्र न आवडणाऱ्या शेजाऱ्याचा हक्क हिरावला गेला तेव्हा मी मनातून सुखावलो का, हे ज्याचे त्याने स्वतःला विचारावे. कडीवर पहिला हात पडतो तो तेव्हाच.