अरुणचं घर

कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं आणि आमच्या तालमी एका शाळेच्या वर्गात आल्या. त्या संध्याकाळी तेंडुलकरांच्या ‘कन्यादान’चं वाचन संपलं. बाकीचे गेले. अरुण आठवले करणारा मुलगा तेवढा बाकावर बसून राहिला.

“ताई, ही भूमिका मी करू नये असं वाटतंय.”

“का रे?”

“अरुण दलित कवी. ज्योतीच्या घरी पहिल्यांदा येतो तेव्हाच तिचा हात पिरगाळतो, लग्नानंतर तिला मारतो. मी हे जीव ओतून केलं, तर प्रेक्षक घरी जाताना ‘अरुण वाईट निघाला’ असं नाही म्हणणार. ‘ही माणसं अशीच’ म्हणेल. आणि मीही त्याच समाजातला. त्याला पुरावा म्हणून मीच समोर उभा.”

“मग नाटककारानं दलित माणूस देवासारखाच रंगवायचा? रंगमंचावर माणूस कळतो तो अडचणीत सापडल्यावर काय करतो यावरून. ज्याला चुकायची मुभा नाही ते पात्र नव्हे, तसबीर. हार घालण्यापुरती.”

“कबूल. पण सवर्ण नवरा बायकोला मारतो तेव्हा ते पाप त्याचं एकट्याचं राहतं. त्याच्या जातीची भलीबुरी शंभर पात्रं आधी येऊन गेलेली असतात. अरुण एकटा येतो. म्हणून सगळ्यांचं ओझं त्याच्याच डोक्यावर.”

हा आक्षेप काही नवा नव्हता. १९८३ च्या या नाटकाला १९९३ चा सरस्वती सन्मान मिळाला, आणि याच नाटकापायी तेंडुलकरांवर चप्पलही फेकली गेली होती.

“ऑथेल्लो बघ,” मी म्हणाले. “देवलांनी १८९० मध्ये ‘झुंझारराव’ करून मराठीत आणला तो. मूळ नाटकात पहिल्या प्रवेशात ऑथेल्लो येतच नाही. रात्रीच्या अंधारात दुसरेच त्याच्या काळ्या रंगावरून घाण बोलतात. आपल्या मनात एक चित्र तयार होतं. दुसऱ्या प्रवेशात तो येतो, शांत, तोलून बोलणारा. आपलं चित्र खोटं पडतं. पुढे तो बायकोचा जीव घेतो, पण त्याआधी शेक्सपिअरनं आपली नजर आपल्यालाच दाखवलेली असते.”

“आणि ऑथेल्लोला मनातलं बोलायला एकांत मिळतो. अरुणला काय मिळतं? सगळं नाटक ज्योतीच्या वडिलांच्या, नाथ देवळालीकरांच्या दिवाणखान्यात घडतं. तिथं तो अवघडतो, अंगावर येतो, पिऊन येतो. पण स्वतःच्या घरात तो कसा असतो? आईशी कसा बोलतो? परक्याच्या घरात बसलेल्या माणसाचा स्वभाव कुणाला कळलाय?”

मी गप्प झाले. इतकी वर्षं तो दिवाणखाना मला नुसतं नेपथ्य वाटत होता.

“नाटक नाथांचं आहे रे. जात मोडायचं स्वप्न हा समाजवादी बाप पोरीच्या संसारावर पणाला लावतो. शेवटी ज्योती त्यालाच जाब विचारते. परीक्षा त्याची आहे.”

“मग अरुण त्या परीक्षेची प्रश्नपत्रिका झाला. माणूस कधी होणार?”

मला गंगाराम कांबळे आठवला. पागेतला नोकर, पाण्याला शिवला म्हणून मार खाल्लेला. शाहू महाराजांनी त्याला चहाचं हॉटेल काढायला लावलं, तिथं गाडी थांबवून त्याच्या हातचा चहा घेतला आणि सोबतच्यांनाही प्यायला लावला. राजवाड्यात बोलावून पंक्तीला बसवता आलं असतं. ते त्याच्या दारात गेले. तिथं यजमान गंगाराम होता.

मी भारावून म्हणाले, “मग उद्याची तालीम तुझ्या घरी. मला अरुणचं घर बघायचंय.”

तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला.

“ताई, माझे वडील शिक्षक. त्यांनी आईवर कधी आवाजसुद्धा चढवला नाही. माझ्या घरात तुम्हाला अरुण कसा सापडेल?”

माझी मान खाली गेली. प्रेक्षक करतील म्हणून तो ज्याला भीत होता, ते मीच केलं होतं. तेही मायेनं.

“चुकले मी,” मी म्हणाले. “नाटककार प्रेमानंद गज्वी स्वतः दलित. त्यांनी ‘किरवंत’मध्ये मर्तिकाचे विधी करतो म्हणून आपल्याच जातीत अस्पृश्य ठरलेल्या ब्राह्मणाचं घर उभं केलं. त्यांना ते जातीच्या दाखल्यात सापडलं नसणार. एका माणसाच्या अपमानापाशी थांबावं लागलं असणार.”

“मग अरुणचंही रचू या. संहितेत नसलं तरी माझ्या डोक्यात पाहिजे. त्यानं मार माफ होत नाही, ताई. उलट घर असलेल्या माणसाचा गुन्हाच त्याच्या एकट्याच्या माथी बसतो. नाहीतर तो अख्ख्या वस्तीवर वाटला जातो.”

त्यानं खडू घेतला आणि फरशीवर एक रेघ ओढली.

“हा उंबरा. इथं तो चपला काढतो. आत ज्योती झोपलीय. तिच्या दंडावर कालचा वळ आहे, आणि तो त्याला दिसतोय.”

“मग काय करतो तो?”

रेघेशी तो बराच वेळ उभा राहिला.

“अजून कळत नाही,” तो म्हणाला. “पण भूमिका मी करतो.”