पेटी आणि तिच्यांतला जीव

नाण्यावर चालणाऱ्या जुन्या खेळयंत्राची उभी लांकडी पेटी घ्यावी, तिच्यांतला मूळचा सर्किट-बोर्ड काढावा आणि त्या जागीं साधा संगणक बसवून तेच खेळ पुन्हां चालवावे, हा छंद पाश्चात्य देशांत पुष्कळांस जडला आहे. १९९७ सालीं निकोला साल्मोरिया या इटालियन गृहस्थानें ‘मेम’ हा प्रोग्रॅम प्रसिद्ध केल्यापासून तो सुलभ झाला. कोणी यास जीर्णोद्धार म्हणतात, कोणी मूर्तिभंजन.

थीसिअसच्या गलबताची एकेक फळी बदलत गेल्यावर तें गलबत तेंच काय, हा प्रश्न प्लूटार्कनें नमूद केला आहे. आणि आमच्याकडे नागसेनानें मिलिंद राजास रथाचें एकेक अंग दाखवून तसाच पेंच घातला. परंतु दोन्ही दृष्टान्त येथें अपुरे पडतात. येथें फळ्या बदलत नाहींत. खेळाच्या आज्ञा एका देहांतून निघून दुसऱ्यांत शिरतात. शंकराचार्यांच्या आख्यायिकेंतल्या परकायाप्रवेशासारखा हा प्रकार आहे.

मात्र देह आणि आत्मा यांची फारकत इतकी सोपी नाहीं. ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा १९७८ सालचा जपानी खेळ पाहा. त्यांत शत्रू जसजसे मरतात तसतसे उरलेले अधिक वेगानें अंगावर येतात, आणि खेळणाराची छाती धडधडूं लागते. हा परिणाम कर्ता तोमोहिरो निशिकादो यानें मुळांत योजिलेला नव्हता. यंत्राची शक्ति अल्प. चित्रें कमी झालीं कीं उरलेलीं भरभर काढतां येत. निशिकादोनें तें पाहिलें आणि तसेंच राहूं दिलें. म्हणजे देहाचें वैगुण्य हाच खेळाचा प्राण ठरला! आजच्या संगणकास तें वैगुण्य नाहीं, म्हणून त्याला जुन्या यंत्राचें मंदपण मुद्दाम शिकवावें लागतें. याच खेळाच्या अमेरिकेंतील उभ्या पेटींत पडद्यावरील चित्र आरशाच्या योगानें, मागें रंगविलेल्या चंद्रभूमीवर तरंगत असल्यासारखें दिसे. तो आरसा कोणत्याहि प्रोग्रॅमांत लिहिलेला नाहीं.

शुद्धतावाद्यांचा कैवारहि मला पुरता पटत नाहीं. उत्पन्न घटलें कीं पेटीचे मालक स्वतःच बोर्ड बदलीत. १९८५ च्या जपानी ‘जॅमा’ जोडणीनें तर त्या अदलाबदलीची सोयच करून दिली. कॅपकॉम कंपनीच्या १९९३ च्या बोर्डांत गुप्त किल्ली एका बॅटरीच्या जोरावर जपलेली असे. बॅटरी संपली कीं बोर्ड मुका. अशा मृत पेटींत संगणक बसविणें हें पाप कसें म्हणावें? चालतें यंत्र उपसून फेंकणें मात्र निराळें. तें करणाराजवळ निदान मूळचा बोर्ड व तारा जपून ठेवण्याइतकी लाज असावी.

माझी खरी शंका नाण्याविषयीं आहे. अमेरिकेंत पंचवीस सेंटांचें नाणें टाकल्यावांचून खेळ सुरू होत नसे. बहुधा तीन जीव मिळत. ते संपले कीं पुन्हां खिशांत हात घालावा लागे, आणि खिसा रिकामा असला कीं घरीं जावें लागे. पोराच्या हातास कंप सुटे तो या हिशेबामुळें. नव्या पेटींत एक बटण दाबलें कीं नाणें पडल्याची नोंद होते, वाटेल तितक्या वेळां. जो गृहस्थ पेटीवरील रंगाची छटाहि जुन्याशीं जुळवितो, तोच मरणाची किंमत शून्य करून बसतो, आणि मग खेळांत पूर्वीची गोडी नाहीं म्हणून कुरकुरतो. कांहीं जण नाण्याची फट चालू ठेवतात; आपलेंच नाणें टाकतात, आणि मागाहून कुलूप काढून तेंच परत घेतात. हें हास्यास्पद खरें. पण कोणी पाहत नसतां एकादशी पाळणाराला मी कधीं हंसलों नाहीं, आणि या नाणें टाकणारालाहि हंसवत नाहीं.