गळ, दोरा आणि आमिष

शास्त्रवाचन : हबक्कूक १:१३-१७, लूक ५:१-११, याकोब १:१३-१५



आपल्या मराठी भाषेत मासेमारीवरून आलेले जे वाक्प्रचार आहेत, ते बहुतेक सगळे फसवणुकीचे आहेत. भोळा मनुष्य कोणाच्या गोड बोलण्याला भुलला की आपण म्हणतो, तो गळाला लागला. कोणी लोभात पडून नुकसान करून घेतले की तो आमिषाला बळी पडला. वाईट संगतीत गेलेला मुलगा कोणाच्या तरी जाळ्यात सापडलेला असतो. आणि याच भाषेत आपण दर वर्षी आपल्या मुलांना शिकवतो की, प्रभूने गालील समुद्राच्या काठी पेत्र आणि अंद्रिया यांना बोलावले व त्यांना माणसे धरणारे करण्याचे वचन दिले. एखाद्या चौकस मुलाने विचारले की, "गुरुजी, मग आपण लोकांना गळाला लावायचे काय?" तर आपण काय उत्तर देणार? हा प्रश्न मुलांचाच नाही. आमिष दाखवणारे लोक, हा आरोप आपल्या मंडळ्यांनी बाहेरून पुष्कळदा ऐकला आहे. त्याचे उत्तर रागाने देऊन भागणार नाही. ते समजून द्यावे लागेल.

म्हणून या महिन्याच्या मननासाठी आपण मासे धरण्याच्या साधनांकडेच पाहू. उदाहरण घेऊ ते अमेरिकेतील बास नावाच्या माशाचे. हा उत्तर अमेरिकेतील गोड्या पाण्याचा मासा. पाणवनस्पतीच्या किंवा पडलेल्या ओंडक्याच्या आडोशाला दबा धरून बसणारा आणि जवळून जाणाऱ्या भक्ष्यावर झडप घालणारा. त्याला गळाने धरण्याचा छंद त्या देशात लाखो लोकांना आहे, आणि त्यासाठी लागणारी काठी, रीळ, दोरा व आमिष निवडण्याचे एक शास्त्रच तेथे तयार झाले आहे. त्या शास्त्रात काही गोष्टी आपण शिकाव्या अशा आहेत, आणि एक गोष्ट अशी आहे की जिच्यापासून आपण दूर राहिले पाहिजे.

१. काठी आणि रीळ : समोरचा पाहून साधन

नवखा मनुष्य दुकानात जाऊन विचारतो, "सर्वांत चांगली काठी कोणती?" जाणता दुकानदार उलट विचारतो, "कोठे आणि कशाने मासे धरणार?" दाट पाणवनस्पतीतून जड मासा ओढून काढायचा असेल तर जाड व ताठ काठी हवी. हलके आमिष स्वच्छ पाण्यात दूर फेकायचे असेल तर लवचीक व हलकी काठी हवी. ज्या आमिषाला तिहेरी गळ असतात त्याच्यासाठी हळूहळू वाकणारी काठी बरी. फार ताठ काठीने हिसका बसला तर गळ माशाच्या तोंडातून निसटतो. किती वजनाचे आमिष व किती ताकदीचा दोरा चालेल हे काठीच्या मुठीजवळ छापलेलेच असते. म्हणजे प्रत्येक काठीला तिची मर्यादा आहे, आणि ती लपवलेली नाही.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, आपल्या वर्गातील सहा वर्षांचे मूल आणि सोळा वर्षांचा मुलगा यांना आपण एकाच काठीने शिकवू पाहत नाही ना? लहानग्याला गोष्ट हवी, तरुणाला त्याच्या शंकेचे उत्तर हवे, आणि नुकत्याच विधवा झालेल्या भगिनीला कदाचित आपले शब्द नकोच असतील. तिच्याजवळ अर्धा तास बसणे हवे असेल. पौल यहूद्यांना यहूद्यासारखा व दुर्बळांना दुर्बळ झाला (१ करिंथ ९:२०-२२). त्यात ढोंग नव्हते. समोरचा मनुष्य कोण आहे याची कदर होती.

रिळाविषयी एकच गोष्ट सांगतो. प्रत्येक चांगल्या रिळाला ढील सोडण्याची सोय असते. मोठा मासा जोराने ओढू लागला की दोरा थोडा थोडा सुटत जातो, म्हणून तुटत नाही. दोऱ्याच्या ताकदीच्या पाव ते एकतृतीयांश इतक्या ओढीला तो सुटावा, असे अनुभवी लोक लावून ठेवतात. ढील मुळीच नसेल तर दोरा तुटतो. फारच असेल तर मासा ओंडक्यात शिरून गुंता करतो. वयात आलेल्या मुलामुलींच्या आईबापांना यापुढे अधिक स्पष्ट करून सांगण्याची गरज नाही. उधळ्या पुत्राच्या बापाने दार बंद केले नाही आणि पुत्राचा हातही पिरगाळला नाही. त्याने जाऊ दिले, परंतु वाट पाहणे सोडले नाही.

२. दोरा : जे दिसत नाही ते

बास धरणारे तीन प्रकारचे दोरे वापरतात. साधा नायलॉनचा दोरा स्वस्त असतो, ताण पडला की थोडा लांबतो आणि हिसका सोसतो. विणलेला दोरा बारीक असूनही फार मजबूत असतो, पण तो लांबत नाही आणि नितळ पाण्यात माशाला दिसतो. तिसरा, फ्लुरोकार्बनचा, पाण्यात बुडतो व जवळजवळ दिसेनासा होतो, कारण प्रकाश त्यातून साधारण पाण्यातल्यासारखाच वाकतो. प्रत्येकाचा गुण आहे, प्रत्येकाचा दोष आहे.

परंतु कोणताही दोरा घेतला तरी तो बहुधा दोनच ठिकाणी तुटतो : गाठीपाशी, किंवा दगडाला घासून चरा पडला असेल तेथे. म्हणून जाणता मनुष्य गाठ आवळण्यापूर्वी ती ओली करतो, नाहीतर घर्षणाच्या उष्णतेने दोरा तेथेच कमजोर होतो. आणि दिवसातून कितीतरी वेळा तो शेवटचा हातभर दोरा बोटांच्या चिमटीतून ओढून चरा लागतो का ते पाहतो. चरा लागला तर तेवढा दोरा कापून टाकतो व पुन्हा गाठ मारतो. दोरा उरलेला पुष्कळ आहे, चरा लहानच आहे, असे तो म्हणत नाही.

बंधुभगिनींनो, आपली प्रार्थना हा असाच न दिसणारा दोरा आहे. आपला आवाज, आपले पाठांतर, आपले पेटीवादन लोकांना दिसते. हा दोरा दिसत नाही. पण ओढ बसते ती त्याच्यावर. शेजाऱ्याशी धरलेला अबोला, हिशेबातील लहानसा खोटेपणा, मनात ठेवलेला एक मत्सर, असा चरा कोठे पडला आहे काय, हे रोज रात्री चिमटीने पाहिले पाहिजे. मोठा मासा ओढू लागेल तेव्हा तपासायला वेळ नसतो.

३. आमिष : येथे थांबा

आता त्या गोष्टीकडे येऊ, जिच्यासाठी हा लेख लिहिला.

फिनलंड देशात लाउरी रापाला नावाचा एक गरीब कोळी होता. सरोवरात काम करताना त्याने पाहिले की, शिकारी मासा लहान माशांच्या थव्यातून नेमका तोच मासा उचलतो, जो किंचित वाकडा पोहत आहे, म्हणजे जखमी किंवा अशक्त आहे. १९३६ साली त्याने बुचाचे लाकूड कोरून असे आमिष बनवले की पाण्यात ओढले असता ते त्या जखमी माशासारखे डगमगत चालावे. चॉकलेटच्या वेष्टनाचा चांदीचा कागद लावून त्याने त्याला चमक आणली. ते पुढे जगभर गेले आणि बास धरणाऱ्यांच्या पेटीतही येऊन बसले.

आज आमिषांचे प्रकार मोजता येणार नाहीत. रबरासारखे मऊ किडे, फिरणारी चकचकीत पाती, पाण्यावर बेडकासारखे उड्या मारणारे तुकडे. गढूळ पाण्यात भडक रंग आणि आवाज, नितळ पाण्यात नैसर्गिक रंग, थंड पाण्यात संथ चाल, असे ते निवडले जातात. आणि एक गोष्ट लक्षात घ्या : बास नेहमी भुकेनेच आमिष घेतो असे नाही. वसंतऋतूत नर मासा घरट्याची राखण करीत असतो, तेव्हा भूक नसतानाही जवळ आलेल्या आमिषावर रागाने तुटून पडतो.

याकोबाने परीक्षेविषयी लिहिताना नेमका हाच शब्द वापरला आहे. मनुष्य आपल्याच वासनेने ओढला जातो व भुलवला जातो, असे तो म्हणतो. तेथे भुलवणे या अर्थाचा जो मूळ ग्रीक शब्द आहे, तो देलेआर, म्हणजे आमिष, या शब्दावरून आला आहे. सैतान एकच आमिष सर्वांना टाकत नाही. तो पाणी पाहतो. पैशाची गरज असलेल्यापुढे पैसा, एकाकी असलेल्यापुढे गोड बोलणे, आणि ज्याला कशाचीच भूक नाही त्याच्यापुढे रागाचे कारण. कितीतरी सज्जन मंडळीसेवक लोभाने पडले नाहीत, पण आपल्या हुद्द्याची राखण करताना रागाने गळ गिळून बसले. आणि आपल्यामध्ये जो जखमी आहे, आजाराने, कर्जाने, घरच्या भांडणाने वाकडा पोहतो आहे, त्याच्यावर शिकाऱ्याची नजर आधी जाते. म्हणून मंडळीची नजरही त्याच्याकडे आधी गेली पाहिजे. शिकाऱ्याने उचलण्यापूर्वी आपण त्याच्याभोवती उभे राहिले पाहिजे.

आता त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर. आमिष म्हणजे काय? जे दिसते अन्न आणि आत असते लोखंड. प्रभूच्या शिष्यांच्या हातात काय होते? जाळे. लूकाच्या पाचव्या अध्यायात रात्रभर पाण्यात टाकले ते जाळे, आणि त्या जाळ्याला आमिष नसते. संपूर्ण नव्या करारात गळाचा उल्लेख एकदाच येतो, मत्तय १७:२७ मध्ये, आणि तोही मंदिराची पट्टी भरून कोणाला अडखळण होऊ नये यासाठी. माणसांना सुवार्ता सांगताना आमिष वापरावे, अशी एक ओळही पवित्र शास्त्रात नाही. उलट पौल थेस्सलनीकाकरांना सांगतो की, आम्ही खुशामत केली नाही, कपट केले नाही, लोभावर पांघरूण घातले नाही (१ थेस्सल २:३-५).

म्हणून आपण स्पष्ट असू या. भुकेल्याला भाकर द्यायची ती तो भुकेला आहे म्हणून. त्या भाकरीत गळ असता कामा नये. आजाऱ्याला औषध द्यावे ते तो बरा व्हावा म्हणून, तो रविवारी उपासनेला येवो अगर न येवो. शब्बाथशाळेत खाऊ वाटावा तो मुलांवर प्रेम आहे म्हणून, हजेरीचा आकडा फुगावा म्हणून नव्हे. आणि क्रूसाची किंमत लपवून केवळ आशीर्वादांची यादी सांगणारा उपदेश, तोही चांदीचा कागद लावलेले आमिषच होय. कायदा आहे म्हणून नव्हे, तर आपला प्रभू सत्य आहे म्हणून आपण आमिष टाकत नाही.

४. जाळ्याला धूप

हबक्कूक संदेष्ट्याने एक विलक्षण चित्र काढले आहे. खास्दी लोक राष्ट्रांना माशांसारखे गळाने व जाळ्याने ओढतात, आणि मग आपल्या जाळ्यालाच यज्ञ करून धूप जाळतात, कारण त्यांचे ताट त्याने भरले. साधनाची पूजा ती हीच.

२ जून १९३२ रोजी अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी या तरुण शेतकऱ्याने माँटगोमेरी नावाच्या तळ्यात २२ पौंड ४ औंस, म्हणजे सुमारे १० किलोचा बास धरला. त्याच्यापाशी व त्याच्या सोबत्यापाशी मिळून एकच काठी होती, ती ते आळीपाळीने वापरीत, असे सांगतात. मंदीचे दिवस होते. मासा वजन करून घरी नेला आणि घरच्यांनी खाल्ला. त्यानंतर किती नव्या काठ्या, रिळे, यंत्रे निघाली! तरी तो विक्रम मोडला गेला नाही. २००९ साली जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता याने त्याची फक्त बरोबरी केली.

मंडळीत नवा ध्वनिवर्धक घ्यावा, पडदा लावावा, मोबाइलवर उपासना दाखवावी, याला आमचा विरोध नाही. पेत्राची जाळी धुतलेली होती. साधन नीट ठेवणे हा सेवेचाच भाग आहे. परंतु त्या धुतलेल्या जाळ्यांनी, त्या कसलेल्या हातांनी रात्रभर काहीच धरले नव्हते. ती भरली प्रभूच्या शब्दावरून.

५. जिवंत धरणे

लूक ५:१० मध्ये प्रभूने पेत्राला जो शब्द दिला, त्याचा मूळ अर्थ जिवंत धरणे असा आहे. नव्या करारात तो शब्द आणखी एकाच ठिकाणी आहे, २ तीमथ्य २:२६ मध्ये, जेथे सैतान माणसांना पकडून ठेवतो. धरणारे दोघे आहेत, बंधूंनो. प्रश्न इतकाच की कोण कशासाठी धरतो. एक धरतो तो गुलाम करण्यासाठी, दुसरा धरतो तो वाचवण्यासाठी.

बास धरणाऱ्यांच्या एका मोठ्या संघटनेने १९७२ साली आपल्या स्पर्धांत मासे न मारता जिवंत ठेवून परत सोडण्याचा परिपाठ सुरू केला. नावेत हवा खेळती राहील अशा पाण्याच्या टाक्या आल्या. मासा हाती घेताना हात ओले करावेत असे शिकवले जाऊ लागले, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा चिकट थर निघून जातो आणि मग त्याला रोग जडतो. छंदापायी धरलेल्या माशासाठी मनुष्य इतकी काळजी घेऊ शकतो. मग मंडळीत नव्याने आलेल्या मनुष्याला आपण कोरड्या हाताने धरावे काय? पहिल्याच रविवारी त्याची जात, त्याचे गाव, त्याची नोकरी विचारून त्याचे अंग सोलून काढावे काय? आधी आपले हात ओले करू या. प्रार्थनेने आणि जमल्यास अश्रूंनी.

प्रार्थना : हे प्रभू, आमच्या हातून आमिष काढून घे आणि तुझे वचन दे. आमच्या दोऱ्यातील चरा आम्हांला दाखव. आमच्यातील जखमींना शिकाऱ्यापासून राख, आणि आम्हांला माणसे जिवंत धरण्यास शिकव. आमेन.