ऊन कुणाच्या वाट्याचं?

झोपडपट्टी म्हटलं की गळके पत्रे, उघडी गटारं, नळावरची रांग डोळ्यांपुढे येते. मग ते नैरोबीतलं किबेरा असो, नाहीतर आपली धारावी. त्यावरचा उपायही ठरलेला: पक्कं घर द्या. पण पक्क्या घरातच माणूस आजारी पडत असेल तर?

मुंबईत गोवंडी-मानखुर्दकडे नटवर पारेख आणि लल्लूभाई कंपाउंड या पुनर्वसन वसाहती आहेत. रस्ते-रेल्वे प्रकल्पांसाठी ज्यांची घरं हटवली, त्यांना इथे २२५ चौरस फुटांच्या खोल्या मिळाल्या. नटवर पारेखमध्ये दोन सातमजली इमारतींत अंतर जेमतेम ३ मीटर. खिडकी आहे, पण ती समोरच्या भिंतीवर उघडते. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेच्या २०१८ च्या अभ्यासात दिसलं की जवळच्याच, ऐसपैस बांधलेल्या पीएमजीपी कॉलनीपेक्षा या दोन वसाहतींत क्षयरोग कितीतरी जास्त आहे. क्षयाचे जंतू हवेतून पसरतात. खेळती हवा त्यांना पांगवते, ऊन त्यांना मारतं. इथे दोन्ही नाहीत.

बरं, हे कुणाला माहीत नव्हतं असंही नाही. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. उजेडासाठी त्याने ६३.५ अंशांच्या कोनाचा नियम धरला. साधं गणित: समोरच्या इमारतीची उंची मधल्या अंतराच्या दुपटीहून जास्त नको. त्या हिशेबाने २० मीटर उंचीला १० मीटर मोकळी जागा हवी. शतकभरानंतर पुनर्वसनाच्या इमारतींसाठी मोकळ्या जागेचे नियम सैल केले गेले.

मग दोष कुणाचा? बिल्डर म्हणेल, नियम पाळले. अधिकारी म्हणेल, नियमात बसलं म्हणून सही केली. आम्हा प्रोग्रामर लोकांना हे ओळखीचं आहे: सगळ्या टेस्ट पास, तरी सॉफ्टवेअर कोसळतं, कारण नेमकी हवी ती टेस्ट कुणी लिहिलीच नव्हती. पण प्रत्येकाने आपापलं काम नियमाप्रमाणे केलं, म्हणून झालेलं नुकसान बेवारस ठरत नाही. ज्याने माप कमी केलं आणि ज्याला ते कमी आहे हे कळत होतं, ते दोघेही त्याचे वाटेकरी.

यावर नेहमीचं उत्तर असतं, “फुकट घर मिळालं, अजून काय पाहिजे?” पण ते फुकट नव्हतं. त्यांनी जागा सोडली, तेव्हा रूळ वाढले, रस्ते रुंद झाले. त्या रस्त्यांनी आपण वेळेत पोचतो. हा व्यवहार होता, आणि त्यात त्यांच्या वाट्याचं ऊन कापलं गेलं. आणि समजा ते दान असतं, तरी श्वास घेता येणार नाही असं घर दान म्हणून देता येतं का?

आमच्या वरवंडला अंगणात वाळवण घालताना ऊन कुणाला मागावं लागत नाही. शहरात मात्र कुणाला किती ऊन मिळणार हे नियम ठरवतो. म्हणून तो नियम विकत घेतलेल्या फ्लॅटला एक आणि पुनर्वसनाच्या खोलीला दुसरा, असा असता कामा नये. फुफ्फुसं दोन्हीकडे सारखीच आहेत.